साक्षीदारानं मीठ खाऊ नये

आमचे शेजारी पुंजाजीकाका लग्नाला जाताना डबा घेऊन जातात. डब्यात दोन भाकरी, ठेचा आणि कांदा. लग्न लागेपर्यंत ते मांडवात सगळ्यांच्या पुढे, नवरा-नवरीपासून चार हातांवर उभे असतात. अक्षता पडल्या की मागच्या मागे निघतात, एखादं झाड शोधतात आणि मांडवात पंगती बसत असताना इकडे झाडाखाली आपला डबा सोडतात.

हा प्रकार वऱ्हाडात किती भयंकर आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे पाहुणा उशिरा आला तर चालतं, रिकाम्या हातानं आला तर चालतं, मांडवात जावयाशी भांडला तरी एक वेळ चालून जातं. पण तो न जेवता गेला तर मुलीचा बाप मरेपर्यंत ते विसरत नाही. काकांना न विसरलेले असे मुलीचे बाप तालुकाभर आहेत.

बदली होऊन मी अंजनगाव सुर्जीला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मी त्यांना याचं कारण विचारलं. मास्तर माणूस, विचारल्याशिवाय राहवत नाही. काकांनी डब्याची कडी लावली आणि म्हणाले, "साक्षीदारानं मीठ खाऊ नये, मास्तर. मिठानं जीभ बांधल्या जाते."

मग त्यांनी मला अर्धा तास समजावलं. हल्ली पासपोर्ट असो, पेन्शन असो, सगळीकडे लग्नाचा दाखला मागतात. आमच्या खेड्यांतली जुनी लग्नं कुठे नोंदलेली नाहीत. मग लोक ग्रामपंचायतीत अर्ज करतात आणि अर्जाला लागतात तीन साक्षीदार, लग्नाला हजर असलेले. दोन घरातले मिळतात. तिसरा चहाच्या टपरीवर जो बसला असेल तो. त्यानं ना लग्न पाहिलेलं असतं, ना नवरी. काकांना या तिसऱ्या माणसाचा मनस्वी संताप आहे. म्हणून ते आमंत्रण असो नसो, जमेल त्या प्रत्येक लग्नाला स्वतः जातात, म्हणजे पुढेमागे कोणाला गरज पडली तर निदान एक तरी खरा तिसरा माणूस असावा.

काका पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर होते. तिथला काटेकोरपणा त्यांनी घरी आणला. प्रत्येक लग्न ते वहीत लिहितात. अशा अकरा वह्या झाल्यात. तिथी, गाव, नवरा, नवरी, अंतरपाट कोणी धरला, विशेष काय घडलं, आणि शेवटचा रकाना 'जेवण'. या रकान्यात पानोपानी एकच शब्द आहे, 'नाही'.

एकदा एका हुशार वधूपित्यानं त्यांना जिलेबी देऊ केली. जिलेबीत मीठ नसतं, तेव्हा खायला हरकत नाही, असा त्याचा मुद्दा. काका विचारात पडले. आम्हाला वाटलं, आता तोडतात तपश्चर्या. पण त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, "या कढईत पयले काय तयलं होतं?" आचारी खरं बोलणारा निघाला. तो म्हणाला, भजे. काकांनी जिलेबी परत ताटात ठेवली.

घरी काका आणि त्यांची थोरली बहीण गोदाताई, दोघंच. काकांनी लग्न केलं नाही. डबा ताईच भरून देतात. ताई फारशा बाहेर पडत नाहीत, पण काका लग्नाहून परतले की भिंतीपलीकडून मला दर वेळी दोन शब्द ऐकू येत. ताई विचारायच्या, "लागलं?" काका म्हणायचे, "लागलं." मग चहाचं आधण ठेवल्याचा आवाज यायचा. हे मी चार वर्षं ऐकलं आणि म्हातारा-म्हातारीचा चाळा म्हणून सोडून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात ही तिसऱ्या माणसाची भानगड आमच्याच घरात आली.

अकोल्याच्या माझ्या शकुमावशीच्या यजमानांना लकवा झाला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. मावसा सरकारी खात्यातून रिटायर झालेले. आजारपणात कागद काढले तेव्हा कळलं की त्यांच्या पेन्शनच्या कागदांत बायकोचं नावच नाही. नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वारस म्हणून आईचं नाव टाकलं, आणि नंतर बदलायचं राहून गेलं. आई वारून वीस वर्षं झाली तरी राहूनच गेलेलं. ऑफिसातल्या माणसानं नीट सांगितलं, लग्नाचा दाखला आणा, नाव चढवतो. दाखल्यासाठी मावश्याची सही लागणार होती आणि उजवा हात अजून चालत होता. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तो आधी आला असता तर मावशी जन्मभर संसार करून कागदावर कोणीच उरली नसती.

मावशीचं लग्न अडतीस वर्षांपूर्वी तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या आजोळी लागलं. ते खेडं अंजनगावजवळ, म्हणून सगळी धावपळ माझ्या गळ्यात. पत्रिका सापडली नाही, फोटो वाळवीनं खाल्ले, लग्न लावणारे महाराज देवाघरी गेले. साक्षीदार म्हणून दत्तूमामा मिळाला आणि माझी आई मिळाली. बाकी त्या मांडवातली मोठी माणसं एकेक करून गेलेली.

तिसरा कोण? मी सरळ पुंजाजीकाकांकडे गेलो आणि म्हटलं, एक सही करा, आपल्या घरचंच काम आहे.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मास्तर असल्याची मला लाज वाटली. "म्या पायलं का ते लग्न, तुमी सांगता म्हून?" ते म्हणाले. "तुमच्या मावशीचं नाव सांगता येते का मले? मंग?" एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

आजोळच्या गावाचं नाव सांगायचं मला सुचलंच नाही. रागाच्या भरात मी आमच्या शाळेतले पीटीचे सर धरून तिथल्या ग्रामपंचायतीत नेले. ग्रामसेवक बाईंनी त्यांचं आधार कार्ड हातात घेतलं, जन्मसाल पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सर, या लग्नात तुमी दोन वर्षांचे होते का?" पीटीचे सर डगमगले नाहीत. ते म्हणाले, आईच्या कडेवर आलो होतो. बाईंनी कार्ड परत दिलं आणि मला म्हणाल्या, खरा माणूस आणा, मी थांबते. मी मान खाली घालून घरी आलो.

त्याच आठवड्यात आई अकोल्याहून आली. संध्याकाळी ओसरीत बसली असताना काका धुतलेलं धोतर नेसून, डबा हातात घेऊन बाहेर पडले. आईनं विचारलं, हा माणूस कुठे चालला? मी म्हटलं, लग्नाला. आणि डबा? मी सगळी कथा सांगितली. आई एकदम उठून उभी राहिली.

"अरे, आपल्या शकूच्या लग्नात उपाशी उठलेला तो हाच तं नाही?"

तेव्हा मला आठवलं. आजोबा वारंवार सांगायचे, शकूच्या लग्नात कोणी एक माणूस चिंचेखाली बसून स्वतःची भाकर खाऊन गेला. त्याला हात धरून आणायला गेले तर तो हात जोडून निघून गेला. आजोबांनी त्या अनोळखी माणसाला शेवटच्या आजारपणातसुद्धा शिव्या घातल्या होत्या. आमच्या घरची पिढीजात तक्रार माझ्या भिंतीपलीकडे राहत होती आणि मी तिला रोज रामराम घालत होतो.

काका परतेपर्यंत मी फाटकातच उभा राहिलो. गावाचं नाव सांगताच ते थांबले. "चिचेचं झाड? हिरीजवयचं?" एवढंच म्हणून आत गेले आणि दुसरी वही काढून बराच वेळ वाचत बसले. मला पान दाखवलं नाही. म्हणाले, नवरा-नवरीला आणा, मी आधी खात्री करीन.

रविवारी मावशी आणि मावसा गाडी करून आले. मावश्याला आम्ही खुर्चीत बसवलं. काका वही छातीशी धरून समोर बसले आणि त्यांनी मावशीला एकच प्रश्न विचारला.

"मंगलाष्टकं चालू असतानी तुमी हासल्या होत्या. कावून?"

मावशी लाजून लाल झाली. साठीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. या हसण्यावरून सासूनं तिला पुढे कितीतरी वर्षं बोल लावले होते, पण कारण तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अंतरपाट थोडा खाली आला होता. यायच्या बाशिंगावर मुंगया चढला होता, आन् हे मान हालवत नोते."

खुर्चीतून घोगरा आवाज आला. मावश्याचं तोंड एका बाजूनं हसत होतं. मोठ्या कष्टानं ते म्हणाले, "दोन. दोन होते."

काकांनी वही उघडून आमच्यासमोर धरली. 'विशेष' या रकान्यात लिहिलं होतं: नवऱ्याच्या बाशिंगावर मुंगळा, नवरी हसली, नवरा हलला नाही. काका गंभीरपणे मावश्याला म्हणाले, "लग्न तुमचंच. पण दुसरा मुंगया म्या नाही पायला. तो मी लिवणार नाही."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सह्या झाल्या. मावश्याच्या सहीला पाच मिनिटं लागली. बाईंनी घाई केली नाही. तिसरी सही पुंजाजीकाकांची, मोठी आणि सरळ.

पुराव्याला सोबत नेलेल्या काकांच्या सगळ्या वह्या घरी नेऊन ठेवताना मी पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे नवरीच्या रकान्यात 'गोदाताई' असं होतं. विशेष: 'नवऱ्याचा कान म्या पिळला.' आणि जेवणाच्या रकान्यात 'नाही' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'गाव जेवलं.'

काकांनी ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं. ताईच्या नवऱ्यानं वर्षभरात दुसरी केली आणि कोर्टात सांगितलं की हिच्याशी माझं लग्न लागलंच नाही. सासरचे गावात वजनदार होते, लग्नाची पंगतही त्यांनीच घातलेली, त्यांच्याकडे सगळ्यांचं येणंजाणं. "चारशे पान उठलं, मास्तर. साक्षीले एक नाही आलं." नऊ वर्षांचे पुंजाजी उभे राहून म्हणाले होते की नवरीचा भाऊ म्हणून कान मी पिळला. लोक हसले. ताई घरी आल्या त्या आल्याच. त्यानंतर लग्नाच्या मांडवात त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्या गेल्या नाहीत. मला भिंतीपलीकडचं ते "लागलं?" आठवलं. त्याला मी चाळा म्हटलं होतं.

दाखला आला, मावशीचं नाव चढलं. नाव चढल्याचा कागद घेऊन मावशी मावश्यासकट माझ्याकडे आली आणि तिनं स्वतः स्वयंपाक केला. तिच्या लग्नात होता तोच: वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी. काकांनी आधी कागद मागितला, शिक्का उजेडात धरून पाहिला, घडी घालून परत दिला. "झाली माही साक्ष," ते म्हणाले आणि पाटावर बसले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "ताईसाठी दोन पोया बांधून देजा."

मावशीनं पोळ्या बांधल्या नाहीत. हात पुसले आणि सरळ भिंतीपलीकडे गेली. ताईंचा आवाज ऐकू आला, मी लग्नाच्या जेवणाले येत नसतो बाई. त्यावर मावशी म्हणाली, "लग्न कवाचं लागलं, ताई. जेवणच तं रायलं होतं."

ताई आल्या. डोक्यावरचा पदर सावरत काकांच्या शेजारी बसल्या. काकांनी ताटातलं मीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. ताईंनी दोनदा बुंदी मागितली.

संध्याकाळी काकांनी दुसरी वही काढली. मावशीच्या ओळीत शेवटच्या रकान्यातल्या 'नाही'वर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'जेवलो. ताईबी.'