तीन पूर्णांक दोन दशांश मुंग्या

एका जंगलात, मुलांनो, सिंहाचं राज्य होतं. ते त्याला कुणी दिलं हे विचारायचं नाही. विचारलं की गोष्ट पुढे सरकत नाही.

त्याच जंगलात चिमाबाई नावाची एक मुंगी राहायची. वारुळातल्या सगळ्या मुंग्या मोजायचं काम तिच्याकडे होतं. मुंग्या रांगेत चालतात, म्हणजे काम सोपं असेल, असं तुम्हाला वाटेल. एकदा करून बघा.

त्या वर्षी नदीला मोठा पूर येणार अशी बातमी बगळ्यांनी आणली. उंच जागा म्हणजे एकच टेकडी. दरबारानं ठरवलं, ज्या जमातीची जेवढी संख्या, तेवढी तिला टेकडीवर जागा. संख्या लेखी द्यायची.

चिमाबाईनं आठ दिवस खपून मोजणी केली. तीन कोटी वीस लाख. तिनं ३,२०,००,००० असं नीट लिहिलं आणि दरबारात नेऊन दिलं.

दरबाराचा कारकून होता साळिंदर. अंगावरच टाक उगवतात, एवढ्या पात्रतेवर त्याला नोकरी लागली होती. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी आकडा पाहून नाक मुरडलं. पानांचा तुटवडा आहे, एवढी शून्यं परवडत नाहीत, मोठ्या संख्या दहाच्या घातात लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं.

चिमाबाई हुशार होती. तिनं टिंब सात घरं डावीकडे सरकवलं आणि लिहिलं, '३.२ गुणिले दहाचा सातवा घात'. भाऊसाहेबांनी शिक्का मारला. तिनं खुशीत वारुळात जाऊन सगळ्यांना सामान बांधायला सांगितलं.

पण महाराजांना घात वाचता येईना. लहानपणी त्यांना गणित शिकवायला गेलेला मास्तर परत आला नव्हता. त्यांनी हुकूम सोडला, सगळ्या संख्या पुन्हा लांबलचक लिहा.

भाऊसाहेबांचा नियम सरळ होता. जेवढा घात, तेवढी शून्यं शेवटी लावायची. हत्ती होते '४ गुणिले दहाचा दुसरा घात'. चारवर दोन शून्यं, चारशे. अगदी बरोबर आलं. मग मुंग्या. ३.२ वर सात शून्यं. ३.२०००००००.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर मुंग्यांच्या नावे चिंचेचं एक पान निघालं. सोबत सूचना होती, तीन मुंग्यांनी पूर्ण यावं आणि चौथीनं फक्त एक पंचमांश यावं.

चिमाबाईनं ती सूचना दोनदा वाचली. ती धावत दरबारात गेली. टिंब उजवीकडे सात घरं परत न्यायचं असतं, मोकळी राहतील त्याच घरांत शून्यं भरायची, टिंबापुढे ढीगभर शून्यं लावली तरी एकही मुंगी वाढत नाही, हे तिनं जमिनीवर लिहून दाखवलं.

"हत्तींचं बरोबर आलं की," भाऊसाहेब म्हणाले.

"त्यांच्या आकड्यात टिंबच नव्हतं, भाऊसाहेब."

"मग तुम्ही कशाला आणलंत? बाई, शून्यं लावणं माझं काम. टिंबाला हात लावायचा मला अधिकार नाही."

ती महाराजांकडे गेली. महाराजांनी हत्तींचं आणि मुंग्यांचं अशी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली.

"हत्ती एवढा मोठा, त्याला दोन शून्यं दिली," ते म्हणाले. "तुम्ही मुंग्या असून तुम्हाला सात. आणखी काय हवं?"

चिमाबाईला रडू आलं. मग राग आला. तो एका मुंगीत मावेना, म्हणून तिनं तो घरी नेऊन सगळ्यांना वाटला.

पाणी वाढायला लागलं तशा तीन कोटी वीस लाख मुंग्या टेकडी चढू लागल्या. पहाऱ्यावरचा तरस आडवा आला. कुणाला अडवताय, असं चिमाबाईनं विचारलं. त्यानं यादी उघडली. यादीत तीन मुंग्या आणि एक तुकडा होता, आणि त्यांना परवानगी होती. बाकीच्यांची नोंदच नव्हती, मग अडवणार कुणाला? तो बाजूला झाला.

माथ्यावरची सगळ्यात कोरडी जागा महाराजांची होती. मुंग्या तिथेच गेल्या. थोड्याच वेळात महाराज जागच्या जागी नाचू लागले. कोट्यवधी मुंग्या चावताहेत, हाकला त्यांना, असं त्यांनी भाऊसाहेबांना फर्मावलं.

भाऊसाहेबांनी शांतपणे पान काढलं.

"तीनच आहेत, महाराज. फार तर तीन पूर्णांक दोन दशांश. खाली आपली सही आहे."

महाराजांनी फेरमोजणीचा अर्ज लिहायला घेतला, पण पहिली ओळ होईपर्यंतही त्यांना बसवेना. ते शेपूट उचलून पळाले, ते थेट पुराच्या पाण्यात. चिमाबाईनं त्यांच्या जागेवर वारुळातली अंडी नीट मांडून ठेवली.

तात्पर्य : मुलांनो, टिंब कुठं सरकवायचं ते परीक्षेपुरतं शिका. पुढे कधी दरबारानं तुम्हाला कमी मोजलं, तर चूक दाखवायला धावू नका. मोजलेल्यांना चिंचेचं पान मिळतं. न मोजलेल्यांना चावता येतं.