नाद्येझ्दाची एकशे सात फुलं

"नवस बोललीस ना? मग आकडा पुरा कर. देवाशी घासाघीस नको!"

आईचे हे शब्द ऊर्मिला जर्मनीतल्या नेकारसुल्मपर्यंत घेऊन आली होती. खालच्या मजल्यावरच्या नाद्याकाकूंच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा पोथी मिटून तिने हात जोडले. 'ऑपरेशन पार पडू दे. एकशे आठ फुलं वाहीन आणि काकूंना प्रसाद म्हणून नेईन.'

दिवसही ठरलेला. काकूंनीच सांगितलं होतं, "माझं पूर्ण नाव नाद्येझ्दा. मूळ नाव ग्रीक, एल्पिस. आम्ही रशियनांनी त्याचा उच्चार नाही घेतला, अर्थ घेतला. आशा! श्रद्धा, आशा, प्रेम अशा तीन संत बहिणी, तीस सप्टेंबर त्यांचा दिवस. माझा वाढदिवस विसर, हा विसरू नको!"

ऑपरेशन पार पडलं. तीस तारखेला गावाबाहेरच्या शेतातून स्वतः फुलं कापून आणली, देवाला वाहिली. नवऱ्याने, शिरीषने, कारखान्यातले नटबोल्ट तपासावेत तशी ती दोनदा मोजली. फुलांची बादली घेऊन दोघं बसमध्ये चढले, तेव्हा वरात आल्यासारखी माणसं बाजूला झाली!

वॉर्डात काकूंची थोरली बहीण वेरा बसली होती.

"किती आहेत?"

"एकशे आठ! बरोब्बर!" शिरीषने छाती फुगवली.

वेराबाई किंचाळल्याच! "सम संख्या? आमच्यात सम फुलं मेलेल्या माणसाला नेतात!" त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, एक शेवंती उपटली आणि ऊर्मिलाच्या हातात कोंबली.

"अहो, एकशे सात राहिली!" ऊर्मिला रडकुंडीला आली.

"मग एकशे नऊ करू," शिरीष म्हणाला.

"नवस एकशे आठचा आहे!"

काकू टाके धरून हसत होत्या. "माझी वेरा म्हणजे श्रद्धा, म्हणून तीच मोजते! ऊर्मिला, ते एक तुझ्यापाशी ठेव. माझी वेळ आली की आण. तुझाही आकडा पुरा, तिचाही."

"असं बोलू नका हो!"

"वचन दे."

ऊर्मिलाने दिलं. फूल पोथीत ठेवलं आणि ते कधीच काढावं लागू नये म्हणून रोज एक माळ जास्त जपू लागली.

फेब्रुवारीत गाठ पुन्हा उठली. मार्चमध्ये वेराबाईंचा फोन आला. काकू गेल्या होत्या.

दफनाच्या सकाळी पोथी वाचून झाल्यावर ऊर्मिलाने वाळलेली शेवंती रुमालात घेतली.

"अगं, एकच?" शिरीष हळूच म्हणाला. "ही तर विषम झाली. आज सम लागतात ना?"

"अहो, आधीची एकशे सात धरा की."

या वेळी त्याने हिशेब तपासला नाही. ऊर्मिला जिना उतरली. खालच्या दाराशी सवयीने पाऊल अडलं, बेलकडे हात गेला. तो तिने मागे घेतला आणि बसस्टॉपकडे निघाली.