हसतमुख घाबरा!

भुताला हार घालणारा दिग्दर्शक मी जन्मात एकच पाहिला. आमच्या लोहाऱ्यातले वीरभद्र अण्णा.

अण्णा माझे शेजारी. पंचवीस वर्षं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस. जेवायला कितीही हाका मारा, उत्तर ठरलेलं: "आलो, एवढं एक घेतो!" गावाबाहेरचं जुनं मंगल कार्यालय बंद पडून बरीच वर्षं झाली. छताला वटवाघळं, स्टेजच्या फटीत पिंपळ. ते पुढच्या महिन्यात पाडणार असं कळलं आणि अण्णा सकाळीच माझ्या दारात उभे.

"गुरुजी, पाडायच्या आत तिथं भुताचा पिच्चर काढायचा. तुमी लिव्हा. लई भारी करू!"

त्यांचा उत्साह असा संसर्गजन्य, की मी शाळा सुटल्या सुटल्या वही काढली. ओसाड इमारतीत चार मित्र शिरतात आणि एका बाईचा अतृप्त आत्मा त्यांच्या मागं लागतो, अशी कथा. लिहिताना मला स्वतःलाच भीती वाटली. खरंच!

शूटिंग भर दुपारी. रात्री नको, कारण नट सगळे पहाटे धारा काढायला उठणारे. खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही अंधार केला. पण पहिल्याच दिवशी त्या ओसाड इमारतीत साठ माणसं हजर!

"अण्णा, इमारत रिकामी आहे ना?"

"रिकामीच हाय की. पर सरपंचाची मावशी न्हाय दिसली, तर जन्मभर बोलणार न्हाय. कुणी ऱ्हायला नाय पायजे, गुरुजी."

लग्नात एखादा पाहुणा कॅमेऱ्यातून सुटला की काय रामायण होतं, ते अण्णांनी पंचवीस वर्षं भोगलेलं. त्यामुळं पहिली किंकाळी उठली की कॅमेरा वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन एकेकाच्या तोंडावरून फिरे आणि अण्णा ओरडत, "घाबरा, पर हसतमुख! दात दिसू द्या!" पांढरी साडी नेसून मल्लप्पा टेलर भूत म्हणून आला, तर आधी त्याला हार. "पहिल्यांदा येतंय आपल्यात. सत्कार नको?"

अडलं ते भुताच्या आवाजापाशी. मल्लप्पाचा आवाज भसाडा. बाईचा हवा होता. माझ्या बायकोनं म्हणून दाखवलं, अंगणवाडीच्या बाईंनी तर असं म्हटलं की दोन पोरं रडली. अण्णा मात्र मान हलवत राहिले. "ह्यो न्हाय." शेवटी म्हणाले, "भुताचा आवाज म्या बघतो." पुढं एक अक्षर सांगेनात. मला काळजी लागली. माझं "तुझं रक्त पिईन!" हे वाक्य दणक्यात पडलं तरच पिक्चर तरणार होता. नाही तर अख्खं गाव अण्णांची टर उडवणार, आणि ते मला बघवणार नव्हतं.

बाजारच्या दिवशी त्याच कार्यालयात खेळ ठेवला. पुन्हा गोणपाट, स्टेजवर पांढरी चादर. आत पाय ठेवायला जागा नाही! जो तो स्वतःला पडद्यावर बघून शिट्टी मारतोय, मावशी तर उभी राहूनच बघतेय. अण्णा प्रोजेक्टरपाशी रुमाल चावत उभे. अखेर हीरो आतल्या खोलीत शिरला. पडदा काळाकुट्ट. भूत वळलं.

"अवं, किती येळ हुभं ऱ्हाणार? जेवून घ्या की आधी."

हशाचा असा स्फोट झाला की वटवाघळं उडाली. मी कपाळावर हात मारला. माझं रक्त कुठं गेलं?

आवाज पुन्हा आला. मागं सनई, ताटांचा खणखणाट. "पंगत उठाय लागली. जेवून घ्या."

बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. "अवो, ह्या तर शांताक्का!"

शांताक्का म्हणजे अण्णांची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. प्रत्येक लग्नात अण्णांच्या डाव्या हाताला फोकसचा दिवा धरून तीच उभी असायची. फोकस धरणारा माणूस कॅमेऱ्यात येत नाही. हजारो माणसांच्या त्या लग्नांत तिचा चेहरा कुठंच नाही. आवाज तेवढा टेपवर आला होता, आणि त्यावर अण्णा दर वेळी गाणं चढवून गिऱ्हाइकाला कॅसेट देत. मूळ टेपा त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

एकेक रांग गप्प होत गेली. तिथल्या निम्म्या लोकांची लग्नं तिच्याच उजेडात लागली होती. माझं पण.

"सगळी आली हुती पडद्यावर," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "तीच तेवढी ऱ्हायली हुती, गुरुजी."

मावशी पदरानं डोळे पुसत ओरडली, "वीरभद्रा, परत लाव रं. तेवढंच."

अण्णांनी परत लावलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"जेवून घ्या की आधी."

अण्णांनी डावीकडं मान वळवली. तिथं कुणीच नव्हतं.

"आलो गं," ते हळूच म्हणाले. "एवढं एक घेतो."