दोन बाजूंची शाल

शालिग्राम मास्तर शाळेतून घरी येईपर्यंत मनकर्णाबाई दाराआड तिष्ठत उभी होती. चंद्रकळा नेसून झाली होती, केसांत फूल माळून झालं होतं, तिळगुळाची डबी हातात होती. नव्हती फक्त शाल. ती मास्तरांच्या खांद्यावर होती, आणि मास्तर गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलत उभे होते.

मास्तरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं तशी तिनं त्यांच्या खांद्यावरची शाल ओढली, झटकली, उलटी केली आणि आपल्या अंगावर घेतली. राखी बाजू आत गेली, वांगी रंगाची बाहेर आली.

"अवं, दम तं घेऊ दे मले," मास्तर कुडकुडत म्हणाले.

"दम गोधडीत घ्या. चुलीपाशी ठेवली हाय. शालूबाईकडचं हळदीकुंकू आटपत आलं असन." आणि मनकर्णाबाई अशा संथ चालीनं रस्त्याला लागली, की जणू अशा पाच-सहा शाली घरात पडून आहेत.

मास्तरांना मलकापूरच्या मराठी शाळेत येऊन चार हिवाळे झाले होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं त्यांना फळा दिला होता, खडू दिला होता, खुर्ची दिली होती. मास्तरांच्या थंडीचा विचार मात्र नागपूरला अजून कुणी केला नव्हता. नवराबायकोचं सगळं कापड एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचं आणि वर तिळाच्या लाडवांचा डबा ठेवायला जागा उरायची. दोन धोतरं, दोन सदरे, एक काळा कोट, तीन लुगडी, चार चोळ्या आणि लग्नात आलेली ही एक शाल.

पण एवढ्यात अख्खा हिवाळा निभावण्याचं कसब मनकर्णाबाईच्या हातात होतं. भपका तिला आवडत नसे. बघणाऱ्याला आधी माणूस दिसावं आणि कापड मागून दिसावं, असं तिचं म्हणणं. पांढऱ्या धोतरावर काळा कोट आणि खांद्यावर राखी शालीची लांब घडी, की मास्तर थेट शाळातपासनीस वाटायचे. काळ्या चंद्रकळेवर वांगी शाल सैल सोडली, की तालेवार घरच्या बायकासुद्धा आपल्या जरीकडे एकदा नजर टाकून घ्यायच्या. हिरव्या लुगड्यावर शालीची फक्त किनार दिसू द्यायची, निळ्यावर ती पाठीवरून घ्यायची. मास्तरांची राखी शाल वेगळी आणि बाईंची वांगी शाल वेगळी, याबद्दल मलकापुरात कुणाच्याही मनात शंका नव्हती.

फक्त एक गोष्ट या कसबाला जमत नव्हती. दोघांना एकाच वेळी घराबाहेर पडता येत नव्हतं.

आणि मनकर्णाबाईला तर नेमकं जोडीनं बाहेर पडणंच हवं होतं. तिच्या लहानपणी साखरखेर्ड्याला थंडी पडली की तिच्या मायबापाचं बिनसायचं. निदान तिला तसं वाटायचं. माय हिरव्या काठाची शाल पांघरून देवळातून परत आली, की बाबा आपली पांढरी शाल घेऊन निघायचे. बाबा आले की माय निघायची. थंडीचे चार महिने ती दोघं कधी एका वाटेनं चालली नाहीत. ओट्यावर बसून ती पोर त्यांच्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, माझं लग्न झालं की मी असं नाही करायची.

लग्न लागलं माघात. निघताना मायनं कानात सांगितलं होतं, "माघातच जोडीनं शेगावले जाऊन ये माय. महाराजाईच्या पाया पडा दोघं." तेव्हापासून तिला त्या गाडीची ओढ लागली होती. खिडकीशी आपण, शेजारी मास्तर, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि बघणाऱ्यांनी खुशाल बघावं. जायचं पहाटेच्या गाडीनं आणि यायचं दिवेलागणीनंतर. मधे शाल एकच. गेल्या वर्षी मास्तर म्हणाले होते, "मले थंडी नाही वाजत." ते बिनशालीचे स्टेशनापर्यंत गेले, तिथून शिंकत परत आले आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. तेव्हापासून तिनं शेगावचं नाव तोंडातून काढलं नाही. मनातून मात्र ते जात नव्हतं. स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली की पोळपाटावरचा तिचा हात थांबायचा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर राममंदिरात कीर्तन लागलं. पूर्वरंग मनकर्णाबाईच्या वाट्याला आणि उत्तररंग मास्तरांच्या, अशी घरात वाटणी ठरली. अभंगाचं निरूपण ती ऐकायची, आख्यान ते ऐकायचे, आणि मग चुलीपाशी बसून दोघं एकमेकांना आपापलं अर्धं कीर्तन सांगायची. हे सांगणं तिला कीर्तनाहून गोड लागायचं. तरीसुद्धा, हरिश्चंद्राचं पुढे काय झालं हे एकदा तरी त्यांच्या शेजारी बसून ऐकावं, असं तिला फार वाटायचं.

इकडे देवळात बायकांच्या रांगेत शेजारच्या झुंबरबाई बसलेल्या असत. झुंबरबाईंचं कीर्तनाकडे लक्ष असे, पण एकाच कानाचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "पाह्यलं का? मास्तरीन उठून गेली की मास्तर येते. एकमेकाचं तोंडसुद्धा पाहू नाही वाटत!"

"असन काही काम," इंद्रभान म्हणाले.

"रोजच? पावसाळ्यात हेच दोघं एका छत्रीतून बाजार करत होते, मले लाज वाटे. आन थंडी पडली की याईचं बिनसते!"

चौथ्या दिवशी मनकर्णाबाई हळदीकुंकवाहून परस्पर कीर्तनाला आली. यजमानीण सढळ हाताची होती; गुलाबपाणी तिनं हातावर न शिंपडता थेट शालीवर शिंपडलं होतं. पूर्वरंग संपल्यावर अर्ध्या घटकेनं तीच शाल राखी होऊन मास्तरांच्या खांद्यावरून देवळात आली आणि पुरुषांची अख्खी रांग दरवळली.

"मास्तर," इंद्रभान नाक वर करून म्हणाले, "गुलाबाचा वास कुठून येऊन राह्यला?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते गडबडले. "थंडीचा असन," ते म्हणाले.

हे उत्तर झुंबरबाईंपर्यंत पोचलं आणि त्यांची खात्रीच पटली. बायको घरी गेल्यावर जो माणूस अत्तर लावून घराबाहेर पडतो आणि विचारलं तर थंडीचं नाव सांगतो, त्याच्या बायकोला माहेरचं माणूस हवं. त्या मनानं वाईट नव्हत्या. साखरखेर्ड्याच्या बाजाराला बैल घेऊन निघालेल्या पुंजाजीजवळ त्यांनी कळवळून निरोप दिला, "म्हना, पोरीचं जरा पाहून जा."

निरोप मलकापुराहून निघाला तेव्हा एवढाच होता. पण पुंजाजीला वाटेत चहाला थांबायची सवय होती. मोताळ्यात निरोपातले नवराबायको भांडायला लागले, बुलढाण्यात त्यांनी बोलणं टाकलं आणि चिखलीत मास्तर घर सोडून गेले. साखरखेर्ड्याला निरोप पोचला तेव्हा मनकर्णाबाईचे बाबा किसनराव जेवत होते. ते ताटावरून उठले, शाल खांद्यावर टाकली आणि चिखलीला येऊन मोटारीत बसले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मनकर्णाबाईनं दार उघडलं तर समोर बाप उभा.

"मन्ने, सामान बांध."

"बाबा! अचानक? बसा तं खरं. सामान काऊन?"

"मले सारं समजलं. कुठी हाय तो? घर सोडून गेला म्हनते."

"शाळेत गेले हायेत! येतच असतीन."

तेवढ्यात मास्तर आलेच. सासऱ्यांना बघून त्यांनी घाईघाईनं शाल खुंटीवर टांगली, वाकून नमस्कार केला आणि कुडकुडू लागले. किसनरावांना ते कुडकुडणं भीतीचं वाटलं. मागोमाग झुंबरबाई साखर मागायला म्हणून वाटी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"जवाईबापू," किसनराव म्हणाले, "तुमचं दोघाईचं काही भांडन?"

"छे हो! मुळीच नाही."

"मंग चला, आत्ताच राममंदिरात जाऊ. तुमी दोघं पुढं जोडीनं चाला, मी मागून येतो. दिसू द्या लोकाईले."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं खुंटीकडे पाहिलं. शालीचं सांगावं तर बापाच्या मनाला लागेल, की आपण पोर कुठल्या घरात दिली. न सांगावं तर ट्रंक भरावी लागेल. 

"तुमी व्हा पुढं, मी मागून येते," ती म्हणाली.

"तू जा, मी मागून येतो," मास्तर त्याच क्षणी म्हणाले.

"पाह्यलं!" झुंबरबाई दारातून म्हणाल्या. "मी काय खोटं सांगत होती?"

किसनरावांचा चेहरा उतरला. "बरं. मंग जवाईबापू, तुमची शाल घ्या आन मले मोटरअड्ड्यावर पोचवून द्या. पोर संगं येईन." असं म्हणत त्यांनी स्वतःच खुंटीवरची शाल काढली. काढताना तिची घडी मोडली आणि आतली वांगी बाजू भसकन बाहेर आली. गुलाबाचा वास घरभर झाला.

किसनरावांनी शाल उलटी केली, पुन्हा सुलटी केली, नाकाशी नेली. मग त्यांनी लेकीच्या उघड्या खांद्यांकडे पाहिलं, जावयाच्या कुडकुडण्याकडे पाहिलं, आणि ते जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तुमी जा हो, बाई," ते झुंबरबाईंना म्हणाले, "याईचं काहीच बिघडलेलं नाही. जसं असाले पाह्यजे, तसंच हाय."

झुंबरबाई रिकामी वाटी घेऊन गेल्या. किसनरावांनी आपल्या खांद्यावरची पांढरी शाल उतरवली आणि घडीसकट मास्तरांच्या खांद्यावर ठेवली. "ही ठेवा. उद्या रविवार हाय. पहाटच्या गाडीनं शेगावले जा, जोडीनं."

"बाबा, आन तुमी?"

"मले ऊब हाय. शेतातलं आंग हाय माह्यं." पहाटे धोतराचा सोगा अंगाभोवती लपेटून ते मोटरअड्ड्याकडे निघाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मलकापूर स्टेशनावर अर्धा गाव होता. मास्तर पांढऱ्या शालीत, मनकर्णाबाई निळ्या लुगड्यावर वांगी शालीत, आणि दोघं शेजारी शेजारी. ही जोडी डोळे भरून बघावी अशी दिसत होती. झुंबरबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "माह्यामुळंच जमलं!"

गाडी सुटली. खिडकीशी ती, शेजारी मास्तर, मांडीवर भाकरीचं फडकं. चार वर्षं मनात घोकलं होतं अगदी तसं. नांदुऱ्याच्या पुढे वारं आत घुसलं, तसं मास्तरांनी शालीची घडी उलगडून ती अंगभर लपेटून घेतली. आत दुमडलेला काठ बाहेर आला. काठ हिरवा होता.

मनकर्णाबाईनं तो हातात धरला. काठाला लागून पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. चुलीची ठिणगी उडून तिथे भोक पडलं होतं, आणि शाल चुलीजवळ नेणारी ती स्वतः होती, सहा वर्षांची. मायनं तिला धपाटा घालून ते रफू केलं होतं.

"अहो, ही तं मायची शाल हाय."

"बाबा चुकून घेऊन आले असतीन."

"नाही." तिनं काठ आत दुमडला, पुन्हा बाहेर काढला. हिरवा काठ बाहेर असला की मायची, काठ आत दुमडला की बाबांची. इतकी वर्षं शाल एकच होती. रोज शाल झटकून उलटी करणाऱ्या तिला हे एकदाही सुचलं नव्हतं. "भांडत नव्हते ते," ती म्हणाली, आणि भर डब्यात, चार बायकांदेखत, रडली. मास्तरांना काही कळलं नाही, पण ते आणखी जवळ सरकून बसले.

समाधीपुढे तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. परत आल्यावर तिनं ती शाल उन्हात घातली, नीट घडी केली, ओव्याची पुरचुंडी आत ठेवून गाठोडं बांधलं. बाप त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर मोटारीत बसला असेल, आणि माय घरात काय पांघरत असेल, या विचारानं आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. पुंजाजी पुन्हा साखरखेर्ड्याला निघाला तेव्हा ती गाठोडं घेऊन दारात उभी होती. तेवढ्यात टपालवाल्यानं कार्ड हातात दिलं. बाबांचं अक्षर होतं.

"चि. मनकर्णाले आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. शालीचा घोर करू नोको. गावात लोकाईले नवा उद्योग मिळाला. तीस वर्सं म्हनत होते, थंडीत या दोघाईचं पटत नाही. आता म्हनते, म्हातारपनी याईचं सूत जुळलं. काऊन, की आता आमी दोघंबी घराबाहेर निघत नाही. चुलीपाशी एका गोधडीत बसतो. देवळात आजवर ती निम्मं कीर्तन ऐके, निम्मं मी. तिची राह्यलेली आख्यानं आता रोज एक सांगून राह्यलो. काल हरिश्चंद्र झाला. ती लय रडली, मंग हसली."

कार्ड भरलं होतं. शेवटची ओळ काठाला, आडवी, दाटीवाटीनं लिहिलेली होती.

"तुही माय म्हनते, शाल इतक्यात पाठवू नोको."