क्ष सापडायचा राहिला

उपसरांनी सवयीने खडू उचलून हात पुढे नेला आणि खडू भिंतीवर आपटून मोडला. फळा नव्हता. काल शाळा सुटेपर्यंत तो तिथेच होता. त्यावर त्यांनी एक समीकरण अर्ध्यावर आणून ठेवलं होतं आणि खाली ठळक अक्षरात 'पुसू नये' असंही लिहिलं होतं.

"पुसला नाही, सर. नेला," सतरंजीवर पुढे बसलेली चष्मेवाली म्हणाली.

उपसर म्हणजे शाळेचे उपमुख्याध्यापक. दहावीचं गणित त्यांच्याकडे. शाळा उघडून चार महिने झाले, परीक्षा डोक्यावर आली, तरी दहावी पहिल्याच धड्यात रुतून बसली होती. त्या धड्यात क्षची किंमत काढायची असते. ती काही केल्या निघत नव्हती. गणित अवघड होतं म्हणून नव्हे हो, चार दिवस एका जागी बसून ते कोणी सोडवू देईल तर ना! एक खोली, एक फळा आणि चार सलग दिवस, एवढंच उपसरांचं या वर्षीचं मागणं होतं.

आडवे येत होते ते मोठ्या बाईंचे बदल. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मनाने वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट असत्या तर भांडून मोकळं होता आलं असतं. सुट्टीत कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि शाळेत सतत काहीतरी बदलत राहिलं पाहिजे, हे डोक्यात घेऊन बसल्या. आधी ओळीतले बाक गोलात मांडले, का, तर सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसावीत. गोलातला एक बाक नेमका दारात आला आणि दार उघडेना. बाक हलवला तर गोल मोडतो, म्हणून दारं काढली. दारं गेल्यावर शेजारच्या वर्गातली इतिहासाची लढाई दहावीच्या बीजगणितात घुसली. मग मोठ्याने बोलावं लागू नये म्हणून मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसवली आणि बाक सभागृहात गेले. सतरंजीवरून बघताना माना दुखायला लागल्या, म्हणून आता फळा गेला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. माणसाने भांडायचं तरी कशावरून?

तरी उपसर तरातरा बाईंच्या खोलीकडे निघाले. तिथेही दार नव्हतं, त्यामुळे आपटताही आलं नाही.

बाई फोन ठेवत होत्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उद्या सकाळी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. साहेब तापट म्हणून प्रसिद्ध, आणि ते खास गोल मांडणी बघायला येत होते.

"बाई, गोल मोडून महिने झाले," उपसर म्हणाले.

"अहो, पण कळवलं होतं तेवढंच. पुढचं कळवायला सवड कुठे मिळाली? बदल चालू होते ना."

उपसरांनी डोक्याला हात लावला. मग कामाला लागले, कारण काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार होतं. सभागृहात बाक होते, बाकांवर दारं आडवी टाकून बाईंनी प्रदर्शनाची टेबलं केली होती, आणि दारांवर फळे रचलेले. बाक हवेत तर आधी फळे उतरवायला हवेत. ते वाटेत पायात येऊ लागले, म्हणून पुन्हा भिंतींवर टांगले. मग दारं. दार ठेवायला जगात चौकटीइतकी सोयीची जागा नाही. सुताराला बोलावलं. त्याने ही दारं स्वतःच काढली होती, त्यामुळे प्रत्येक बिजागरीला तो एकदा बाईंकडे बघायचा. "एकदाच काय ते ठरवा, मॅडम," एवढंच शेवटी बोलला.

सकाळी बाक वर्गात आले. उपसरांनी मुलांना हाताशी घेऊन झकास गोल मांडला. तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली.

"उपसर, दार उघडा."

"उघडत नाही. बाक आडवा आलाय."

"मग बाक सरकवा."

"गोल मोडेल, बाई."

बाहेर बाईंच्या येरझारा ऐकू आल्या. बाईंना बहुतेक काहीतरी आठवत असावं. मग फाटकात गाडीचा हॉर्न वाजला.

"मोडा," बाई म्हणाल्या.

मुलांनी बाक ओढले, ढकलले आणि घाईत जिथे पाय सवयीने वळले तिथे नेऊन ठेवले. ये रे माझ्या मागल्या! ओळीत बाक, समोर फळा, दार लागलेलं. शेजारची लढाई ऐकू येत नव्हती. आणि फळ्यावर ते अर्धवट समीकरण तसंच होतं, खाली 'पुसू नये'. उपसरांना भरून आलं. साहेब, तपासणी, गोल, सगळं ते विसरले आणि त्यांनी खडू उचलला. सगळा वर्ग मान वर करून बघत होता. यची किंमत निघाली. ती वरच्या ओळीत घातली की क्ष हातात येणार होता.

दार उघडलं. आता उघडत होतं ना! साहेब आत आले, मागे घामाघूम बाई.

"याला तुम्ही गोल म्हणता?" साहेबांनी विचारलं.

साहेब शेवटच्या बाकावर बसले, फळ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. म्हणाले, जाईन त्या शाळेत गोल. गोलात उभं राहून चौफेर बघता बघता माझी मान आखडली. इथे मुलं समोर बघताहेत, शिक्षक समोर उभे आहेत, आवाज नाही. असं हल्ली कुठे दिसतच नाही. कल्पना कोणाची?

हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय, असं उपसर सांगणार होते. त्यांच्या आधी बाई बोलल्या.

"आमचा पाचवा बदल, साहेब. सन्मुख पद्धत. उपसरांनीच राबवली."

साहेब खूश झाले. ही पद्धत सगळ्या शाळांत गेली पाहिजे, आणि ती दाखवायला उपसरच हवेत. आजपासून. वर्षअखेरपर्यंत. गाडी खाली उभीच आहे.

"साहेब, माझी दहावी आहे हो," उपसर काकुळतीला आले.

"दहावीची काळजी करू नका, मी आहे," बाई मायेने म्हणाल्या. "आणि सन्मुख आता सगळीकडेच होणार म्हटल्यावर आपल्याला पुढचं काहीतरी शोधायला हवं." त्यांची नजर वर्गभर फिरत फिरत फळ्यापाशी येऊन थांबली होती.

उपसरांना गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा मागून चष्मेवाली वही घेऊन धावत आली.

"सर, क्ष किती?"

उपसरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "सात!" ते जिवाच्या आकांताने ओरडले आणि आत येऊन टेकले. चला, एक गणित तरी सुटलं. समोरच्या आरशात त्यांना दिसलं, सुतार हत्यारांची पिशवी घेऊन पुन्हा शाळेत शिरत होता.

गाडी फाटकाबाहेर वळता वळता चष्मेवालीचा आवाज आला, "पण कसा, सर?"