नानांचा कान

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. नानांच्या गमती सांगत बसलो की मुद्द्याचं राहून जातं, आणि मला ते सोयीचं होतं.

थेरगावातले माझे शेजारी नाना इंजिनाचं ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर तांदळाच्या दाण्याएवढा फिरवायचे. "हां. आता सुखात हाय." माझ्या बायकोचा खोकला भिंतीपलीकडून ऐकून एकदा म्हणाले, "वहिनी, ही सर्दी न्हाई. साहेबांवरचा राग हाय." खरंच होतं ते.

मी चाकणच्या कंपनीत इंजिनं तपासण्यात आयुष्य काढलेलं. माझा भरवसा टायमिंग लाइटवर, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणाऱ्या दिव्यावर. "दिवा लावून ऐकता व्हय, साहेब?" नाना चिडवायचे.

एकदा ते चहाला घरात गेले, तेव्हा मी त्यांच्या जुन्या मोटारीवर लाइट धरला. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर ठिणगीच्या वेळेची खूण असते, ती चांगलीच सरकलेली दिसली. डिस्ट्रिब्युटर फिरवून मी ती जुळवली, बोल्ट आवळला आणि कुणाला काही बोललो नाही. वाटलं, उपकारच केला.

दुसऱ्या दिवशी अर्धांगवायू झालेल्या बायकोला, आमच्या काकूंना, घेऊन ते दवाखान्यात निघाले आणि पुलाच्या चढावर इंजिन खडखडायला लागलं. चार दिवस त्यांनी प्लग, कार्बोरेटर, पेट्रोल, सगळं पाहिलं. डिस्ट्रिब्युटर सोडून. "ते म्या कानानं लावलंय. तिथं चूक न्हाई." मीही चक्रावलो. लाइट तर बरोबर दाखवत होता.

पाचव्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं पुलीचं विचारलं.

"ती पुली भंगारातली, दुसऱ्याच इंजिनाची. तिच्या खुणेवर कोण टायमिंग लावतंय, राव?" मग आवाज खाली आला. "गाडीचं जाऊ द्या, साहेब. पर हिचं बोलणं आता एकट्या मलाच कळतंय. माझा कानच गेला आसंल तर?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेऊ."

नानांनी गाडी विकली. काकू काही बोलल्या की दोन-दोनदा विचारू लागले, "काय म्हणलीस?"

नाना गेले त्याच्या आठवडाभर आधी मी धीर करून त्यांच्याकडे गेलो. "नाना, त्या दिवशी तो डिस्ट्रिब्युटर मी..."

ते एकदम उठले. "तहान लागलीय तिला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आत पेला भरल्याचा आवाज आला, मग काकूंचा घोट. ते बाहेर यायच्या आत मी चपला घालून निघून आलो होतो.