फिरत्या ठिपक्याचं नाव

"मी लघुग्रह शोधलाय!" धाकटीनं दुपारी फोनवर घरी सांगून टाकलं. तिथंच सगळं फिसकटलं!

धाकटी खगोलशास्त्र शिकत होती. दुर्बिणीनं थोड्या थोड्या वेळानं टिपलेले आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो संगणकावर पाहताना तिला एक ठिपका सरकताना दिसला. बाकी तारे जागच्या जागी. हा पठ्ठ्या मात्र मुंगीसारखा चाललेला!

"आणि नाव शोधणाऱ्यानं सुचवायचं असतं," असंही ती बोलून गेली. झालं!

"माझ्या आईचं द्यायचं," बाबांनी जाहीर केलं.

"का? माझ्या आईनं काय घोडं मारलंय?" आई कडाडली.

संध्याकाळपर्यंत बाबांच्या बाजूनं आत्या उतरली, आईच्या बाजूनं मामा. बाबा हातानं वाढून घेऊन जेवले.

"दोन्ही आज्यांची नावं जोडू या ना!" रात्री घरी आलेली धाकटी कळवळून म्हणाली.

"आधी कुणाचं?" आई-बाबा एका सुरात ओरडले. दिवसभरात त्यांचं तेवढंच एकमत झालं.

सकाळी धाकटी मार्गदर्शक मॅडमपुढे उभी राहिली.

"जुन्या नोंदींशी ताडून पाहिलंस?"

"नाही... म्हणजे... घाईत राहिलं."

मॅडमनी संगणकावर पाहिलं. "हा ऐंशी वर्षांपूर्वीच सापडलाय. तुझ्यासारख्याच एका विद्यार्थिनीला. तेव्हा फोटो काचेवर निघायचे. भिंग घेऊन ठिपका न् ठिपका तपासायची पोर."

धाकटीचा चेहरा पडला. मग तिच्या मनात आलं, ठिपका सरकलेला दिसल्यावर ती पोरही आपल्यासारखीच खुर्चीतून उडाली असेल. आजूबाजूला सांगायला कुणी होतं का तिला? त्या अनोळखी मुलीचा हेवा करावा की तिला मिठी मारावी, धाकटीला कळेना.

"तोंड पाडू नकोस," मॅडम म्हणाल्या. "कक्षा ठरलेली असली तरी ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. तुझी मापं पाठव, उपयोगी पडतील."

"आणि नाव?"

"वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचं दिलंय तिनं. रोज उशीर व्हायचा, त्या ताट झाकून ठेवायच्या म्हणे."

धाकटीनं घरी जाऊन हे सगळं सांगितलं. आई हळूच म्हणाली, "चांगलं केलं गं त्या पोरीनं."

तेवढ्यात आत्याचा फोन आला. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "म्हणजे तुझ्या आईच्या आईचं नाही ना? मग हरकत नाही!"

पाच मिनिटांनी मामानंही तेच विचारलं. फक्त आजी बदलून!